नेटस्केपपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे उघडेल असं पान कसं करायचं

माझ्या टेबलावर दोन यंत्रं शेजारीशेजारी असतात. एक रोजचा लॅपटॉप. दुसरा माळ्यावरून उतरवलेला पेंटियम, त्यात विंडोज ९८, आणि इंटरनेट एक्सप्लोरर ५ व नेटस्केप ४.७ हे दोन जुने ब्राउझर. १९९९ ते २००५ या काळात कोल्हापुरात मी याच पेंटियमवर लोकांच्या वेबसाइटी केल्या. मंगल कार्यालयं, गुळाचे व्यापारी, एक चपलांचं दुकान, दोन शाळा. गेल्या दिवाळीत आईच्या वहीतले पदार्थ नेटवर टाकायचं ठरलं आणि मला हट्ट सुचला की हे पान या म्हाताऱ्यावरही उघडलं पाहिजे. म्हाताऱ्याने आधी दाद दिली नाही. मग हळूहळू जुनं सगळं हाताला आठवत गेलं. ते विसरायच्या आत लिहून ठेवते आहे.

जुनं यंत्र जपणाऱ्यांना याचा सरळ उपयोग आहे. ज्यांच्याकडे तसं काही नाही त्यांनाही थोडाफार होईल, कारण असं पान रेंज नसलेल्या गावातही झटकन उघडतं. टॅगची आणि फायलींची नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे, तुम्ही ती रोमन लिपीतच टंकाल हे सांगायला नकोच.

सगळी युक्ती एका सवयीवर उभी आहे. न समजलेला टॅग ब्राउझर सोडून देतो, आणि त्याच्या आतला मजकूर मात्र दाखवतो. पहिल्या दिवसापासून एचटीएमएल असंच चालत आलंय. त्यामुळे जुन्या ब्राउझरला ओळखून त्याच्यासाठी वेगळं काही करायचं नाही. त्याला कळेल ते आधी लिहायचं, आणि नव्याला हवं ते अशा जागी ठेवायचं की जुन्याची तिथे नजरच जाणार नाही.

पहिली भिंत: कुलूप

पान कितीही साधं लिहा, ते एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद पत्त्यावर, असेल तर विंडोज ९८ त्याच्या दारातूनच परत फिरतं. या कुलपाची भाषा म्हणजे टीएलएस. आजचे सर्व्हर टीएलएस १.२ किंवा त्यापुढचंच बोलतात, माझा एक्सप्लोरर ५ फार तर टीएलएस १.० पर्यंत जातो. विंडोज एक्सपीवरच्या एक्सप्लोररची आणखी एक अडचण आहे. एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइटी असतात, तेव्हा कुलूप उघडायच्या आधी कोणती साइट हवी ते ब्राउझरने सांगावं लागतं. एक्सपीवरचा एक्सप्लोरर ते सांगतच नाही, मग त्याला भलत्याच साइटचं प्रमाणपत्र मिळतं.

म्हणून साध्या एचटीटीपीवरही पान मिळालं पाहिजे. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘सगळ्यांना एचटीटीपीएसवर पाठवा’ असं बटण असतं, ते बंद करा. मग नव्या ब्राउझरचं काय? त्याला एक सोपी वाट आहे. आजचे ब्राउझर साध्या पत्त्यावर जाताना ‘अपग्रेड-इन्सिक्युअर-रिक्वेस्ट्स’ नावाचा हेडर (विनंतीबरोबरची चिठ्ठी) पाठवतात आणि त्यात १ असतो. अपाचे या सर्व्हर-प्रोग्रामच्या रीराइट नियमात अट घाला की हा हेडर १ असेल तरच एचटीटीपीएसवर पाठव. नेटस्केपने हा हेडर स्वप्नातही पाहिलेला नाही, त्यामुळे तो साध्या वाटेने सुखाने आत येतो. उत्तरात ‘व्हेरी’ हेडरमध्ये याच हेडरचं नाव टाकायला विसरू नका, नाहीतर पानं साठवून ठेवणारा मधला एखादा कॅश एकाचं उत्तर दुसऱ्याला देईल. आणि एक गोष्ट पक्की धरा: पासवर्ड, फोन नंबर, पैसे यातलं काहीही मागणारं पान असं उघडं ठेवायचं नाही. आमटीच्या कृतीला कुलूप नसलं तरी चालतं.

१९९३-९४ मधल्या अगदी पहिल्या मोझॅइक ब्राउझरपर्यंत जायची कोणाला हौस असेल तर तिथे आणखी एक गोम आहे. तो सर्व्हरला साइटचं नावच सांगत नाही. त्यामुळे सामायिक होस्टिंगवर त्याला नेहमी पहिली साइट मिळते, मग ती कोणाचीही असो. स्वतंत्र आयपी पत्ता घेतलात तरच त्याला तुमचं पान दिसेल. मी तेवढं खोल गेले नाही.

सर्व्हरकडचीच आणखी एक गोष्ट सांगते, कारण मी हिच्यात दोन संध्याकाळी घालवल्या. सर्व्हर फायली दाबून पाठवतो, जीझिप करून. नेटस्केप ४ सांगतो की मला जीझिप कळतं, पण ते जेमतेम एचटीएमएलपुरतंच खरं असतं. सीएसएसची, म्हणजे सजावटीची, फाइल दाबून आली की तो गडबडतो, आणि ४.०६ ते ४.०८ या आवृत्त्यांना तर दाबलेलं एचटीएमएलही पचत नाही. अपाचेच्या माहितीपुस्तिकेत यासाठी ‘ब्राउझरमॅच’च्या तीन ओळी तयार दिलेल्या आहेत, त्या जशाच्या तशा उचला. तिसरी ओळ गाळू नका. एक्सप्लोररसुद्धा स्वतःची ओळख नेटस्केपच्याच नावाने करून देतो, आणि त्याला पहिल्या दोन ओळींतून सोडवायचं काम ती करते.

आधी नुसता मजकूर

सजावट करायच्या आधी पान उघडंबोडकं लिहा. मथळ्याला एच-१, पोटमथळ्याला एच-२, परिच्छेदाला पी, जिन्नसांना यादीचे टॅग. प्रत्येक चित्राला आल्ट, म्हणजे चित्राऐवजी दिसणारा मजकूर. आल्टमध्ये ‘चित्र १’ असं काही लिहू नका. चित्र न दिसणाऱ्याला जे कळायला हवं ते लिहा: ‘तांबडा रस्सा, वर तर्री आलेला’.

मग ते लिंक्समध्ये उघडून बघा. लिंक्स हा निव्वळ अक्षरांचा ब्राउझर, आजही मिळतो. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यानंतरची काही वर्षं चित्रं दिसणारं अकाउंट महाग आणि नुसती अक्षरं दिसणारं शेल अकाउंट स्वस्त होतं, विद्यार्थ्यांसाठी तर फारच स्वस्त. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मामेभावाकडे तसं होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, खाली-वर बाणांनी हलायचं. मी वेब पहिल्यांदा पाहिलं ते असं. तिथे आल्ट नसलेलं चित्र म्हणजे ‘इनलाइन’ एवढाच शब्द कंसात. मुखपृष्ठावर आठ चित्रांची बटणं असलेली साइट असली की आठ वेळा ‘इनलाइन’, आणि कोणतं कुठे नेतं ते दाबून बघायचं. लिंक्समध्ये तुमच्या पानावरून पदार्थाची कृती वाचून खरोखर स्वयंपाक करता आला, तर निम्मं काम झालं समजा.

नव्या एचटीएमएल ५ चे टॅग, म्हणजे सेक्शन, आर्टिकल, नॅव्ह वगैरे, इथे वापरू नका. त्यातला मजकूर जुन्यांना दिसतो, पण नवव्या आवृत्तीच्या आधीच्या एक्सप्लोररमध्ये त्यांना सीएसएस लागत नाही. डिव्ह हा साधा पेटीचा टॅग पुरेसा आहे. पानाच्या डोक्यावर एचटीएमएल ४.०१ ट्रान्झिशनलचा डॉकटाइप, म्हणजे पान कोणत्या एचटीएमएलचं आहे ते सांगणारी ओळ, पूर्ण पत्त्यासकट द्या. पत्ता गाळलात तर एक्सप्लोरर ६ आपल्या जुन्या खोडीत शिरतो आणि रुंदीची मापं बदलतात. डॉकटाइपच्या आधी काहीही नको. तिथे एक्सएमएलची ओळ टाकली तरी तो सहावा तसाच वागतो. ही खोड मला पहिल्यांदा २००३ मध्ये भेटली तेव्हा आठवडाभर मी सीएसएसला शिव्या देत होते, चूक होती पहिल्या ओळीत.

टेबलं

आज टेबलांनी पानाची मांडणी करणं म्हणजे पाप. मला ते पाप वाटत नाही. नेटस्केप ४ मध्ये दोन रकाने शेजारीशेजारी भरवशाने उभे करायचे असतील तर टेबलच लागतं. फक्त त्याचे चार-सहा हट्ट पुरवावे लागतात.

त्यातला सगळ्यात मोठा हट्ट मला एका फोनने शिकवला. एका मंगल कार्यालयाची साइट मी केली होती. मालकांचा मुलगा अमेरिकेत शिकायला. त्याने तिथल्या लॅबमधल्या सन कंपनीच्या यंत्रावर साइट उघडली, आणि रात्री मालकांचा फोन आला. “ताई, पोरगं म्हणतंय नुसतं पांढरं पान येतंय. पैसे तर घेतलासा, हॉल कुठं गेला आमचा?” माझ्या एक्सप्लोररवर हॉल जागेवर होता, स्टेज होतं, जेवणाची पंगत होती. तिकडच्या नेटस्केपमध्ये काहीच नव्हतं. मी सोर्स उघडला आणि बोटं मोडत मोजायला लागले: टेबल उघडलं, टीआर (ओळ) उघडला, टीडी (सेल) उघडला, आत दुसरं टेबल उघडलं, ते बंद झालं, टीडी बंद, टीआर बंद, आणि मग फाइल संपली. बाहेरच्या टेबलाचा शेवटचा टॅग लिहायचा राहिला होता. एक्सप्लोरर असं राहिलेलं स्वतःच बंद करून घ्यायचा. नेटस्केप मात्र टेबल पुरं झाल्याशिवाय त्यातलं एक अक्षरही दाखवत नव्हता. पुरं झालंच नाही, म्हणून पान पांढरं. त्या रात्रीपासून मी टेबल उघडलं की आधी बंद करते आणि मग आत शिरते.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. अख्खं पान एका मोठ्या टेबलात कोंबू नका. डोक्याचं वेगळं, मधलं वेगळं, तळाचं वेगळं, अशी एकाखाली एक टेबलं करा. म्हणजे मोडेमवाल्याला निदान डोकं तरी लवकर दिसतं आणि तो थांबतो. टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल केलं की नेटस्केप ४ धापा टाकतो. चित्रांची रुंदी आणि उंची टॅगमध्येच लिहा, मग चित्र यायच्या आधी जागा धरली जाते आणि मजकूर उड्या मारत नाही.

रिकाम्या सेलला रंग दिलात तर नेटस्केप तो रंगवत नाही. आत न तुटणारी मोकळी जागा, एनबीएसपी, टाकली की रंगवतो. पानाचा रंग पांढरा हवा असेल तर तसं बॉडी टॅगमध्ये लिहा, जुन्या नेटस्केपची पाटी मुळात राखाडी असते. कडेची मोकळी जागा काढायला एक्सप्लोररला ‘लेफ्टमार्जिन’ आणि ‘टॉपमार्जिन’ लागतं, नेटस्केपला ‘मार्जिनविड्थ’ आणि ‘मार्जिनहाइट’. चारही लिहायचे.

आणि चित्राखालची ती पांढरी रेघ! सेलमध्ये चित्र ठेवलंत आणि नीट दिसावं म्हणून बंद होणारा टीडी पुढच्या ओळीवर लिहिलात, की ब्राउझर त्या ओळबदलाला एक मोकळी जागा मानतो आणि चित्राखाली बारीकशी फट पडते. तुकडे करून जोडलेल्या चित्रात ती फट भिंतीतल्या भेगेसारखी दिसते. उपाय हास्यास्पद आहे: चित्राचा टॅग आणि बंद टीडी एकाला एक चिकटवून, मध्ये काहीही न सोडता लिहायचे. नवीन मुलं माझा जुना कोड बघून विचारतात की ताई, एवढं गिचमिड का लिहिलंय. त्याचं कारण ही फट.

सीएसएस तीन थरांत

पहिला थर अगदी साधा. रंग, फाँटची नावं, दुव्यांचे रंग. ही फाइल लिंक टॅगने जोडा, मीडिया काही लिहिलंच तर फक्त ‘स्क्रीन’ लिहा, नेटस्केप ४ ला दुसरा शब्द चालत नाही. बॉडीला दिलेला फाँट तो टेबलाच्या आत नेत नाही, म्हणून बॉडी, पी, टीडी अशी तिन्ही नावं स्वल्पविराम देऊन लिहा. अक्षरांचं माप पॉइंटात देऊ नका. विंडोजवर ९ पॉइंट म्हणजे १२ पिक्सेल, त्या काळच्या मॅकवर ९ पॉइंट म्हणजे ९च पिक्सेल. आपल्याला बरं दिसतं ते मॅकवाल्याला मुंगी दिसते.

दुसरा थर एक्सप्लोरर ५ आणि त्यापुढच्यांसाठी. तो इम्पोर्टने आणा. नेटस्केप ४ ला इम्पोर्ट कळत नाही, त्यामुळे त्या फाइलमध्ये काय आहे ते त्याला कधीच समजत नाही. कडा, फ्लोट, जागा सोडणं हे सगळं इथे ठेवा.

इथे एक हिशेब घालून दाखवते. पेटीला रुंदी ३०० दिली, आत दोन्ही बाजूंना २०-२० पॅडिंग आणि ५-५ ची कड. नियमाप्रमाणे पेटी पडद्यावर ३०० + ४० + १० म्हणजे ३५० जागा घेते. विंडोजवरचे एक्सप्लोरर ५ आणि ५.५ मात्र सगळं ३०० मध्येच बसवतात आणि आतला मजकूर २५० मध्ये दाबतात. यावर तेव्हा फार चतुर उपाय निघाले होते, टॅन्टेक चेलिकचा तर प्रसिद्धच आहे. मी आळशी उपाय वापरते: रुंदी बाहेरच्या डिव्हला, पॅडिंग आतल्या डिव्हला. दोघांचा हिशेब एकच येतो आणि कोणाला फसवावं लागत नाही.

मधोमध आणायला ‘मार्जिन ऑटो’ एक्सप्लोरर ५ ऐकत नाही. बॉडीला ‘टेक्स्ट-अलाइन सेंटर’ द्या, आतल्या पेटीला परत ‘लेफ्ट’. एक्सप्लोरर ६ मध्ये डावीकडे फ्लोट केलेल्या पेटीला डावीकडेच १० मार्जिन दिलं तर तो २० धरतो. त्या पेटीला ‘डिस्प्ले इनलाइन’ लिहा, तो शहाणा होतो. का होतो हे विचारू नका. एकट्या एक्सप्लोररसाठी काही लिहायचंच असेल तर पाचव्यापासून नवव्यापर्यंतच्यांना अटीच्या कॉमेंट कळतात, बाकीच्यांना त्या नुसत्या कॉमेंट वाटतात.

तिसरा थर आजच्या ब्राउझरसाठी: फ्लेक्स, ग्रिड, मोबाइलची मांडणी. ही फाइल लिंक टॅगनेच जोडा, पण मीडियामध्ये ‘ओन्ली स्क्रीन’ आणि पुढे रुंदीची अट लिहा. एक्सप्लोरर ८ पर्यंत कोणालाच हे कळत नाही, ते फाइल सोडून देतात. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅगही टाका, नाहीतर मोबाइलवर पान टाचणीएवढं दिसेल.

नेटस्केप ४ मध्ये जावास्क्रिप्ट बंद केली की सीएसएससुद्धा बंद पडते. आतून दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून पहिला थर नसतानाही पान वाचता आलं पाहिजे.

स्क्रिप्टबद्दल थोडक्यात

शक्यतो नकोच. एका शाळेच्या साइटला मी उघडबंद होणारा मेनू केला होता. ब्राउझर नेटस्केप असेल तर ‘डॉक्युमेंट डॉट लेयर्स’, नाहीतर ‘डॉक्युमेंट डॉट ऑल’. नोव्हेंबर २००० मध्ये नेटस्केप ६ आला, त्याला यातलं काहीच कळत नव्हतं. नाव तेच, आतलं यंत्र पार नवं. मेनू गायब झाला, आणि दहावीच्या निकालाचा दुवा त्या मेनूतच होता. चूक माझीच होती, मी नावावरून माणूस ओळखायला गेले होते. नावाचं तर असं आहे की नेटस्केप स्वतःला मोझिला म्हणवायचा, एक्सप्लोररही स्वतःला मोझिला म्हणवायचा आणि मग कंसात हळूच खरं नाव सांगायचा. आजचा क्रोमही सुरुवात मोझिलानेच करतो. तेव्हा स्क्रिप्ट लिहायचीच असेल तर ब्राउझरला नाव न विचारता, हवं ते काम त्याला येतं का एवढं तपासा. स्क्रिप्टचा मजकूर एचटीएमएलच्या कॉमेंटमध्ये गुंडाळा, नाहीतर स्क्रिप्ट न कळणारा अगदी जुना ब्राउझर तो कोड पानावर छापतो.

चित्रं

जीआयएफ आणि जेपीजी, बस. वेबपी जुन्यांना कळत नाही. पीएनजी एक्सप्लोरर ६ ला कळतं, पण अर्धपारदर्शक भाग तो राखाडी करून टाकतो. २५६ रंगांच्या पडद्यासाठी लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहाच पायऱ्या घ्यायच्या, म्हणजे ६ × ६ × ६ = २१६ रंग. मसाल्याच्या फोटोला हा नियम लावू नका, तो जेपीजीच असू दे. मथळ्याच्या पट्ट्यांना लावा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. २८.८ च्या मोडेमवर सेकंदाला साधारण ३ किलोबाइट येत. ३० किलोबाइटचा फोटो म्हणजे दहा सेकंद, तेही फोन मध्ये कटला नाही तर. मी एका पानाला मजकूर, चित्रं धरून ४० किलोबाइटची मर्यादा घातली आहे. मोठा फोटो पाहायचा असेल त्याने छोट्यावर टिचकी मारावी.

मराठी अक्षरं

इथे खरा घोळ आहे, आणि इंग्रजी पानं करणाऱ्यांना तो कधी भोगावा लागला नाही.

देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण घरच्या यंत्रांवर ती पोचायला बरीच वर्षं गेली. विंडोज २००० मध्ये मंगल फाँट आला. एक्सपीमध्ये तो मिळवायला कंट्रोल पॅनेलमधल्या भाषांच्या जागी जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ असं लिहिलेल्या चौकोनात टिचकी मारावी लागे, आणि मग यंत्र सीडी मागे. ज्यांनी हे केलं नाही त्यांना चौकोन दिसत. फाँट कुठून तरी आलेला असला तर अक्षरं सुटी पडत: ‘विठ्ठल’मधली वेलांटी व च्या आधी न येता नंतर येई, ती ठ च्या गळ्यात पडे, आणि पहिला ठ पाय मोडून दुसऱ्यापासून वेगळा उभा.

विंडोज ९८ वर तेवढंही नव्हतं. म्हणून त्या काळी मराठी साइटी स्वतःचा फाँट बाळगत. शिवाजी, शुषा, सी-डॅकचा योगेश. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले, फाँट असेल तर मराठी, नसेल तर टोप्या-टिंबं घातलेल्या रोमन अक्षरांचा कचरा. वाचकाला फाँट उतरवून घ्यायला लागू नये म्हणून तो पानाबरोबर पाठवायचे दोन मार्ग होते. एक्सप्लोररसाठी मायक्रोसॉफ्टच्या वेफ्ट नावाच्या साधनाने ईओटी फाइल करायची, नेटस्केप ४ साठी पीएफआर फाइल. दोन्ही केल्या तर दोन्हीकडे मराठी. ईओटीत साइटचा पत्ता बांधून द्यावा लागे. मी एकदा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट बांधला, आणि ते न लिहिता साइटवर आलेल्याला सगळी साइट कचरा दिसली. दोन्ही पत्ते बांधायचे असतात.

आज काय करायचं ते सांगते. मुख्य पान युनिकोडमध्ये, यूटीएफ-८, आणि तसं मेटा टॅगमध्ये लिहिलेलं. एक्सपीपासून मोबाइलपर्यंत तेच चालेल. विंडोज ९८ साठी मी दुसरं छोटं पान ठेवलंय, त्याचा दुवा मुख्य पानाच्या अगदी वर साध्या इंग्रजीत आहे. त्या पानात पदार्थांची नावं जीआयएफ चित्रांत आणि कृती जुन्या फाँटात. या दुसऱ्या पानाला संकेतन ‘एक्स-यूजर-डिफाइन्ड’ असं लिहायचं, म्हणजे वरची अक्षरं ब्राउझर आपल्या मर्जीने बदलत नाही. हे पान नव्या ब्राउझरला दाखवू नका, तो या संकेतनातली वरची सगळी अक्षरं भलत्याच कप्प्यात टाकतो आणि फाँट असूनही काही दिसत नाही.

युनिकोडच्या पानातही दोन अक्षरं तपासा. पहिलं ‘खोबऱ्याचं वाटण’ आणि ‘मिऱ्यांची पूड’ यांतला अर्धा र. तो ऱ, हलन्त आणि य असा टंका. र, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडणी असा दुसराही मार्ग आहे, पण ती अदृश्य जोडणी कॉपी-पेस्टमध्ये कधी गळते ते कळत नाही आणि ‘खोबर्याचं’ होऊन बसतं. दुसरं ‘ॲल्युमिनियमचं पातेलं’. ॲ हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, एक्सपीच्या मंगलमध्ये ते नाही, तिथे चौकोन येतो. त्या काळी आम्ही अ वर चंद्र देऊन अॅ लिहायचो. मी पातेलं पितळेचं केलं. आईचं तसंही पितळेचंच होतं, कल्हई लावलेलं.

तपासणी

विंडोज ९८ उघड्या इंटरनेटला जोडू नका, त्याचे सुरक्षेचे बदल येणं कधीच थांबलंय. दोन्ही यंत्रं घरातल्या केबलने जोडा. लॅपटॉपवर पायथन असेल तर त्यात छोटा सर्व्हर आयताच असतो, एका आज्ञेत सुरू होतो आणि ८००० क्रमांकाच्या पोर्टवर बसतो. म्हाताऱ्यावर लॅपटॉपचा आयपी पत्ता आणि ८००० लिहिलं की पान समोर. यंत्र नसेल तर आभासी यंत्रात ९८ चढवा. नव्या ब्राउझरला जुनं नाव लावून तपासू नका, नाव बदललं तरी आतलं यंत्र नवंच असतं.

खिडकी ६४० बाय ४८० करा. आडवी सरकपट्टी आली तर कुठेतरी रुंदी जास्त झाली आहे. चित्रं बंद करून पान वाचा. नेटस्केपमध्ये खिडकी ओढून लहान-मोठी करा, त्याचं सीएसएस तेव्हाच विस्कटतं. रीलोड केलं की परत बसतं. दोन्ही ब्राउझरमधून कागदावर छापून बघा, कारण पदार्थाची कृती लोक ओट्यावर कागदच ठेवून करतात.

काल रात्री सगळं तपासून झालं. एक्सप्लोरर ५ मध्ये ठीक, एक्सपीवर ठीक, मोबाइलवर बहिणीने बघून झालं. नेटस्केपमध्ये तांबड्या रश्श्याच्या पट्टीखाली अजून एक बारीक पांढरी रेघ आहे. बंद टीडी कुठेतरी पुढच्या ओळीवर गेलेला असणार. आज जेवणानंतर शोधते.